सुया, नाडी आणि आपली दुखणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्धापनदिनाला पनवेलहून नाहीतर मुंबईहून कोणी विदुषी येतात, चार हिताच्या गोष्टी सांगतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, आपल्यापैकीच कोणी बोलावे. ‘चिनी वैद्यक आणि सुयांचा उपचार’ हा विषय माझ्या वाट्याला आला, तेव्हा आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अग, तू सातवी शिकलेली. तुला चिनी वैद्यकातले काय कळणार?" प्रश्न रास्त होता. परंतु गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांकरिता मी त्यांच्याबरोबर पनवेलच्या एका सुईच्या डॉक्टरीणबाईंकडे बारा खेपा घातल्या आहेत. सुया टोचल्यावर अर्धा तास स्वस्थ पडून राहावे लागते. सासूबाई डोळे मिटून पडत, नि मी शेजारच्या स्टुलावर बसून डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारीत असे. त्या बिचाऱ्या कधी कंटाळल्या नाहीत. उरलेले घरी आल्यावर मुलीकडून वाचून घेई. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आईने सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीवर तिचा एकदम विश्वास बसत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा पडताळाही आपोआप झाला.

प्रथम नावाचा उलगडा करते. ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द युरोपातल्या लोकांनी लॅटिन भाषेवरून बनविला. सुईने टोचणे एवढाच त्याचा अर्थ. खुद्द चिनी लोक या उपचाराला ‘चेन-ज्यू’ म्हणतात. चेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे शेक. म्हणजे त्यांच्या हिशेबी सुई एकटी नाही, तिच्या जोडीला शेक आहेच. शेकासाठी जी वनस्पती वापरतात ती आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो ना, त्याचीच ही चिनी बहीण म्हणा. तिची पाने वाळवून, कुटून कापसासारखी मऊ करतात, कागदात गुंडाळून जाड उदबत्तीसारखी कांडी करतात आणि ती पेटवून कातडीपासून बोट-दोन बोटे अंतरावर धरतात. आपल्याकडे पूर्वी पोर फार रडले की पोटावर डाग देत, तो हा प्रकार नव्हे. आणि अजूनही कोणाच्या मनात तसले काही येत असेल तर ते काढून टाकावे. त्याने पोर पोळते, दुसरे काही होत नाही.

सुईविषयीही गैरसमज पुष्कळ. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते आणि तिच्यातून औषध जाते. ही सुई भरीव, सुमारे पाव मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यातून काहीही जात नाही. टोचताना डास चावल्यासारखे वाटते, मग त्या जागी जडपणा येतो, मुंग्या येतात. ते जडपण आले म्हणजे सुई जागेवर बसली असे चिनी वैद्य मानतात.

पण मला नवल सुयांचे वाटले नाही. नवल वाटले ते पहिल्या दिवशीच्या प्रश्नांचे. सासूबाई आपल्या गुडघे दाखवायला साडी वर सरसावून बसल्या, तर डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याकडे पाहिलेच नाही. त्या विचारू लागल्या: झोप लागते का, की पहाटे तीनला जाग येते? तहान लागली की गार पाणी हवेसे वाटते की कोमट? हातपाय थंड पडतात का? रात्री लघवीला किती वेळा उठता? घाम कुठे येतो? बाळंतपणे किती झाली, आणि बाळंतपणात विश्रांती किती मिळाली? राग येतो का, आणि आला तर बोलून दाखविता की गिळता? जेवण सर्वांबरोबर होते की सर्वांच्या मागून?

सासूबाई प्रथम बिचकल्या. मग बोलू लागल्या त्या थांबेचनात. पाच बाळंतपणे, त्यांतले एक लावणीच्या दिवसांत. दहाव्या दिवशी चिखलात उभ्या. सासरे गेल्यापासून झोप अशी नाहीच. हे सगळे मी वीस वर्षे त्यांच्या घरात राहून तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते, पण असे सलग कधी ऐकले नव्हते. बाहेर पडल्यावर रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे दवाखाने झाले, पण हे मला कोणी विचारले नव्हते."

मैत्रिणींनो, चिनी वैद्यकाचा सगळा पाया या विचारण्यात आहे. रोगी तपासण्याच्या चार वाटा ते सांगतात. पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि स्पर्श करणे. पाहण्यात जिभेला मोठा मान. जीभ फिकी की लाल, तिच्यावर साय किती, कडेला दातांचे वळ आहेत का, हे सर्व त्या टिपून घेत. स्पर्शात नाडी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून, कधी हलकी, कधी दाबून, नाडी पाहतात, आणि प्रत्येक बोटाखाली शरीरातल्या निरनिराळ्या अवयवाची हालहवाल कळते असे मानतात. आपले वैद्यही तीन बोटांनी नाडी पाहतात. पनवेलमध्ये १८७२ सालापासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे. तेव्हा वात, पित्त, कफ हे शब्द आपल्या भागात घरोघरी नांदत आलेले. म्हणून चिनी वैद्यक आपल्याला युरोपातल्या बाईपेक्षा लवकर उमगावे असे मला वाटते. आपणही पपई उष्ण म्हणतो, ताक थंड म्हणतो, सर्दीत केळे देत नाही. चिनी घरातही असेच चालते. कोणता पदार्थ गरम, कोणता थंड, कोणाला कोणत्या ऋतूत काय द्यावे, हे तिथल्या बायका स्वयंपाकघरातच ठरवितात. आले, दालचिनी, ज्येष्ठमध ही तर त्यांच्या औषधांतली नेहमीची मंडळी आहेत.

त्यांच्या मुख्य कल्पना दोन. एक यिन आणि यांग. थंड, ओले, आतले, रात्रीचे, स्थिर ते यिन. उष्ण, कोरडे, बाहेरचे, दिवसाचे, चंचल ते यांग. एक चांगले नि एक वाईट असे नाही. दोन्ही हवीत, आणि एक वाढले की दुसरे उणे होते. पाणी आणि चूल दोन्ही असल्याशिवाय भात होत नाही, तसे. आरोग्य म्हणजे त्या दोहोंचा मेळ. आणि तो मेळ उन्हाळ्यात वेगळा, पावसाळ्यात वेगळा, सोळाव्या वर्षी वेगळा, साठाव्या वर्षी वेगळा. म्हणून दोन बायकांचे डोके एकाच जागी दुखत असले तरी चिनी वैद्य दोघींना एकच उपाय सांगेल असे नाही.

दुसरी कल्पना ‘ची’ची. आपण प्राण म्हणतो त्याच्या जवळपासची ही गोष्ट. ही ची अंगभर ठरलेल्या वाटांनी वाहत असते. मुख्य वाटा बारा, आणि शरीराच्या मध्यरेषेवर पुढे एक व मागे एक अशा आणखी दोन. त्यांवर टोचण्याच्या जागा ३६१ मोजल्या आहेत. हे मला आमच्या खाचरांवरून कळले. आता कोनची खाचरे इमारतींखाली जाऊ लागली आहेत, तरी चाळिशीच्या पुढच्या आपण सर्वजणींनी भाताला पाणी दिलेले आहे. वरच्या खाचरातले पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते. तोंड गाळाने बुजले, तर वरचे भात कुजते आणि खालचे वाळते. अशा वेळी वाळलेल्या खाचरात कोणी घागरी ओतीत बसत नाही. फावडे घेऊन वर जातात आणि तोंड मोकळे करतात. चिनी वैद्याची सुई म्हणजे ते फावडे. ची वाहती राहिली तर दुखत नाही, तुंबली तर दुखते, असे त्यांचे सूत्र. म्हणूनच गुडघा दुखत असता सासूबाईंना एक सुई गुडघ्याखाली चार बोटांवर, एक पावलावर आणि एक हाताच्या कोपराशी टोचली जाई. गुडघ्याखालच्या त्या जागेचे नाव ‘त्सू-सान-ली’. ली हे अंतराचे चिनी माप, सुमारे अर्धा किलोमीटरचे. आणि थकलेल्या माणसाने ती जागा शेकली की तो आणखी तीन ली चालतो, अशी तिकडे लोकांत समजूत आहे. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. घरापासून देवळापर्यंत एक ली, असा हिशेब त्या करू लागल्या.

आपली पंचमहाभूते पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांची पाच तत्त्वे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. लाकडाशी यकृत जोडलेले आणि त्याच्याशी राग. अग्नीशी हृदय आणि हर्ष. मातीशी प्लीहा, पचन आणि काळजी. धातूशी फुप्फुसे आणि शोक. पाण्याशी मूत्रपिंडे आणि भय. काळजीने अन्न अंगी लागत नाही हे सांगायला आपल्याला चिनी पंडित नको. पण मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे एकाच वहीत लिहिण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटली. आपल्याकडे बाई "छातीत धडधडते, जीव घाबरा होतो" म्हणाली की पुष्कळदा ऐकणारा हसून सोडून देतो. चिनी वैद्य निदान ते लिहून घेतो.

या सर्वांचा मूळ ग्रंथ ‘नेइ-चिंग’. तो सुमारे २००० वर्षांपूर्वीचा. राजा प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी आहे. आपल्या चरकसंहितेत आत्रेय ऋषी अग्निवेशाला शिकवितात, त्याच धर्तीची. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. नेमका हाच दाखला त्या ग्रंथात रोग होण्याआधी काळजी घेण्याविषयी दिलेला आहे. दोन देशांत हिमालय आडवा, पण दाखला एकच!

आता हे आपल्या देशात आले कसे, ते थोडक्यात. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. कोटणीसांचे नाव आपल्या कानावरून गेलेले आहे. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. कोटणीस चीनमध्येच राहिले, को-चिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी १९४१ साली विवाह केला, मुलाचे नाव यिन-हुआ म्हणजे ‘भारत-चीन’ ठेवले, आणि मूल चार महिन्यांचे नाही तोच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. वय अवघे ३२. त्या माउलीने पुढे काय काय सोसले असेल! मुलगा वैद्यकी शिकत होता, तोही १९६७ साली गेला. त्या स्वतः २०१२ पर्यंत जगल्या, अनेकदा भारतात येऊन सासरच्यांना भेटल्या.

कोटणीस हे सुयांचे डॉक्टर नव्हते. ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून शिकलेले शल्यवैद्य, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत. सुई आपल्या देशात आणली ती त्यांचे सोबती डॉ. बसू यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, तिथे हा उपचार शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात रोग्यांवर करू लागले. पुढे अशा काही दवाखान्यांना कोटणीसांचे नाव दिले गेले, त्यावरून लोकांची समजूत झाली की कोटणीसच हा उपचार करीत.

आणखी एक दंतकथा सांगते. १९७१ साली रेस्टन नावाचा अमेरिकेचा मोठा वार्ताहर पेकिंगला असता त्याचे आंत्रपुच्छ सुजले आणि तिथेच शस्त्रक्रिया झाली. सुया टोचून, शुद्धीवर ठेवून त्याचे पोट कापले, असे पुष्कळजण सांगतात. तसे नव्हते. शस्त्रक्रियेला रीतसर बधिर करण्याचे इंजेक्शन दिले होते. नंतर पोटात वारा धरून त्रास होऊ लागला, तेव्हा सुया टोचल्या व शेक दिला. त्याने तसेच वर्तमानपत्रात लिहिले, आणि तेव्हापासून अमेरिकेत या उपचाराचे वेड पसरले. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कशी फुगते याचा अनुभव आपल्याला नळावरही येतो.

मग खरे किती? हा प्रश्न माझ्या मुलीचा. शरीर उघडून पाहिले तर रक्तवाहिन्या दिसतात, मज्जातंतू दिसतात, पण ची वाहणारी वाट अजून कोणाला दिसलेली नाही. सुई टोचल्याने मज्जातंतू चाळवतात आणि शरीर स्वतःच वेदना शमविणारी द्रव्ये सोडते, असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर एक मोठी परीक्षा झाली आणि २००७ साली तिचा निकाल छापला गेला. एका गटाला चिनी शास्त्राप्रमाणे बरोबर जागी सुया दिल्या. दुसऱ्या गटाला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधे व व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले शेकडा ४७ हून थोडे अधिक, दुसऱ्यातले ४४ आणि तिसऱ्यातले २७ रोगी सुधारलेले निघाले. आता याचा अर्थ लावा! सुयांनी औषधांपेक्षा अधिक गुण आला हे खरे, पण जागा चुकली तरी जवळजवळ तितकाच गुण आला. मुलगी म्हणाली, "बघ आई, वाटाबिटा काही नाहीत." मला यात आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही गटांतल्या माणसांना कोणीतरी अर्धा अर्धा तास शांत निजवले होते आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्या दुखण्याकडे लक्ष दिले होते. आपल्यापैकी किती जणींना असा अर्धा तास मिळतो?

इंग्लंडातल्या सरकारी सल्लागार संस्थेने २०२१ साली, जुनाट दुखण्यांपैकी ज्यांचे मूळ सापडत नाही अशांना सुयांचा उपचार देऊन पाहण्यास हरकत नाही असे म्हटले. पण २०२२ साली झिजलेल्या सांध्यांसाठी तो देऊ नये असेही सांगितले. मी हे सासूबाईंना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "गुडघा त्यांचा की माझा?" त्यांचा ठणका अर्ध्यावर आला, हे मी घरात पाहते आहे, जिन्याला हात धरावा लागतो, पण रात्री झोपतात. मात्र डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायामही रोज करून घेतला, आणि पाटावर बसणे बंद केले. तेव्हा श्रेय सुईचे किती नि व्यायामाचे किती, हे देव जाणे. झिजलेली कूर्चा परत आली नाही. तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

मळमळीसाठी मात्र एक जागा पुष्कळ पडताळलेली आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या ओकारीवर विशेषतः. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या रेषेपासून आपलीच तीन बोटे वर, दोन शिरांच्या मध्ये. चिनी नाव ‘नेइ-क्वान’. तिथे अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबावे. घाटात एस.टी. लागणाऱ्यांनी करून पाहावे. सुई नको, पैसा नको. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या फुगीर जागेवर दाबले असता डोकेदुखी उतरते असे म्हणतात, पण गरोदरपणी ती जागा दाबू नये असा चिनी वैद्यांचाच दंडक आहे. पोटुशी बाईने सुया घ्यावयास जाताना प्रथम तेच सांगावे.

चिनी औषधी वनस्पतींविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली आनंदाची. हिवतापावर औषध शोधायला तू-युयू नावाच्या चिनी बाईंना १९६९ साली नेमले. त्यांनी जुने ग्रंथ चाळले. दवण्याच्याच कुळातल्या एका झाडपाल्याचा काढा करून काही उपयोग होईना. मग सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात त्यांना दिसले की तिथे पाला उकळलेला नाही, पाण्यात भिजवून पिळलेला आहे. त्यांनी ओळखले, की उष्णतेने गुण जातो. मग कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि १९७१ साली यश आले. माणसांना देण्यापूर्वी त्यांनी स्वतःवर तो घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या सरकारी दवाखान्यात घातक हिवतापाला ज्या गोळ्या देतात, त्यांत याच द्रव्यापासून केलेले औषध आहे. उकळायचे की पिळायचे, हा प्रश्न एखाद्या गृहिणीलाच सुचावा असा आहे, नाही का?

दुसरी गोष्ट दुःखाची. १९९० नंतर बेल्जममध्ये वजन कमी करण्यासाठी काही बायकांना चिनी झाडपाल्याच्या पुड्या दिल्या गेल्या. त्यांत एका वनस्पतीऐवजी तिच्या नावासारख्या नावाची दुसरी विषारी वनस्पती आली होती. शंभरावर बायकांची मूत्रपिंडे बिघडली, कित्येकींना पुढे कर्करोग झाला. "झाडपाल्याचे आहे, अपाय होत नाही," हे वाक्य मी आपल्या गावात इतक्या वेळा ऐकते, की मुद्दाम सांगितले. चिनी असो की देशी, पुडीत काय आहे ते लिहिलेले नसेल तर ती घेऊ नये.

आणि आता जे सांगण्यासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले ते. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका बाई, वय पंचावन्न, बारा वर्षे मधुमेहाच्या. कोणा सुया टोचणाऱ्याने त्यांना सांगितले, "तुमच्या प्लीहेची ची मोकळी करतो, गोळ्या बंद करा." बाईंना गोळ्यांचा कंटाळा होताच. दीड महिना सुया घेतल्या, गोळ्या सोडल्या. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली ती भरेना, आणि एके रात्री बेशुद्ध झाल्या तेव्हा साखर मोजली. जगल्या, पण अंगठा गेला. आमच्या डॉक्टरीणबाईंना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी मागितली होती ना? ती बंद करण्यासाठी नव्हे, चालू आहेत ना हे पाहण्यासाठी."

तेव्हा मैत्रिणींनो, पाठ, मान, गुडघे, अर्धशिशी, अशा जुन्या ठणक्यासाठी सुयांकडे जायला हरकत नाही. छातीत कळ, एकाएकी तोंड वाकडे होणे, अंगावरून अवेळी जाणे, स्तनात गाठ, उतरत नाही असा ताप, यांसाठी सुईकडे जाऊ नका. मोठ्या दवाखान्यात जा, आणि त्याच दिवशी जा. साखरेच्या, रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. ज्याने सुरू केल्या त्यालाच विचारा. महाराष्ट्र हे या उपचारासाठी स्वतंत्र कायदा करणारे राज्य आहे. कायदा २०१५ सालचा, आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेत उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. केंद्र सरकारनेही २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली. म्हणून दवाखान्यात गेल्यावर भिंतीवरचा नोंदणी क्रमांक पाहावा. नसेल तर विचारावा. विचारायची लाज बाळगू नये. आपण भाजीवालीला मेथी ताजी आहे का म्हणून विचारतोच की. सुई पाकिटातून आपल्या डोळ्यांदेखत काढलेली, एकदाच वापरायची हवी. दुसऱ्याला टोचलेल्या सुईने कावीळ आणि त्याहून वाईट रोग येतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगावे. उपाशीपोटी जाऊ नये, घेरी येते. सकाळचा उपास असेल तर दुसरा दिवस घ्यावा. बाही सैल असलेला पोलका घालावा. पाच-सहा खेपांत काहीच फरक नसेल तर पैसे घालवीत बसू नये.

एक विनंती मंडळापाशी आहे. सासूबाईंना पहिल्या दिवशी विचारले ते प्रश्न मी वहीत उतरवून ठेवले आहेत. झोप, भूक, तहान, पाळी, बाळंतपणे, चालू गोळ्या, शेवटची रक्ततपासणी, असे एकूण वीस. आपल्या प्रत्येक सभासद भगिनीने ते आपल्यापुरते भरून ठेवले, तर कोणत्याही डॉक्टरकडे, सुईच्या किंवा बिनसुईच्या, जाताना ते कामी येतील. आपल्याला तिथे गेल्यावर निम्मे आठवत नाही, आणि उरलेले निम्मे बरोबर आलेला मुलगा किंवा यजमान असल्यामुळे बोलता येत नाही. कागद दिला की काम झाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी आणि माझी मुलगी लिहून देऊ, बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत. पुरुषांनी त्या वेळी ओट्यावर बसू नये, एवढे अध्यक्षबाईंनी सांगून ठेवावे.